लिनोकटचं किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून ठसा करायचा आणि त्यावर शाई लावून कागदावर प्रिंट काढायची; कोरलेला भाग पांढरा राहतो. पाच पात्यांचं एक कटर, ए५ आकाराचे दोन लिनो, रबरी रोलर आणि पाण्याने धुता येणाऱ्या काळ्या शाईची ट्यूब. सुरुवातीच्या किटमध्ये साधारण एवढंच येतं. आठ महिन्यांत जादा लिनो आणून चौदा ठसे कोरून झाले, दोनशेच्या आसपास प्रिंट निघाल्या. रोलर चांगला, लिनो उत्तम, शाई कामचलाऊ. पाती मात्र पहिल्या महिन्यातच बदलावी लागली.

आधी लिनोबद्दल, कारण सगळी मजा त्यातच आहे. जवसाचं तेल, राळ आणि कॉर्कचा भुगा यांचा हा थर, पाठीला तागाचं कापड. फ्रेडरिक वॉल्टनने १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये तो जमिनीवर अंथरायला काढला, चित्रकारांनी नंतर उचलला. जाडी सुमारे ३.२ मिमी. लाकडासारखे तंतू नसल्यामुळे पातं कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. पण जवसाचं तेल हवेत सुकत राहतं, म्हणून खूप दिवस पडून राहिलेला तुकडा ठिसूळ होतो आणि कोरताना रेषेच्या कडा तुटतात. घेताना कोपरा हलकेच वाकवून पाहा, तडा दिसला तर परत ठेवा. थंडीत लिनो कडक लागतो. दहा मिनिटं उन्हात ठेवला किंवा वर जुनं कापड टाकून कोमट इस्त्री फिरवली की पातं अलगद शिरतं, पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी लांब, सलग कातरण वळत वर येते आणि जवसाचा वास सुटतो. या क्षणासाठी लिनोकट करावा.

गुलाबी मऊ रबराचे ठोकळे मिळतात, ते लहान शिक्क्यांना ठीक. त्यात बारीक रेषा दाबाखाली लवते आणि प्रिंटमध्ये जाड उमटते. हाताला प्रतिकारच मिळत नाही, त्यामुळे रेषेवर ताबाही येत नाही.

किटमधली पाती पत्र्याची, दाबून वाकवलेली. धार गेली की जोर लावावा लागतो, जोर लावला की पातं घसरतं, आणि घसरलेलं पातं समोरच्या बोटातच जातं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे हवा. लिनो अडवून धरायला ३० बाय २० सेंमीच्या फळीला एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. पैसे घालायचेच असतील तर लाकडी मुठीच्या एकाच चांगल्या, व्ही आकाराच्या धारेच्या पटाशीत घाला आणि दर अर्ध्या तासाने ती चामड्याच्या पट्टीवर दहा-बारा वेळा मागे ओढा. पुढे ढकललीत तर चामडंच कापेल.

कोरताना खोली एक ते दीड मिमी पुरते. पातं आडवं धरा आणि वळणावर मनगट न फिरवता लिनो फिरवा. उंच राहिलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बाहेर उतरता उतार हवा. आतून पोखरलेली रेषा चौथ्या-पाचव्या प्रिंटला निखळते. देवनागरी अक्षरं कोरायची असतील तर ४बी पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहून कागद पालथा घाला आणि मागून घासा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात. ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांच्या गाठींमधली पोकळी ३ मिमीपेक्षा लहान असली की शाईने बुजते. अशा अक्षरांचा आकारच मोठा घ्यावा.

पहिल्या ठशासाठी चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३०चा दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट समोर ठेवा. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा, म्हणजे जे दिसायचं तेच कोरायचं. मोजक्या रेषांत काठी, पाऊल, चालण्याचा वेग सगळं येतं.

शाई काचेवर अर्धा चमचाच घ्या आणि रोलर फिरवताना कान द्या. बारीक चरचर आली की थर बरोबर. ‘चट्‌चट्’ असा चिकट आवाज आला आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला, तर शाई जास्त झालीय. ती तशीच लावली तर बारीक रेषा भरून जातात. एप्रिल-मेमध्ये पाण्याची शाई कागद ठेवेपर्यंत ठशावरच सुकते आणि प्रिंट ठिपकेदार येते, तेव्हा पंखा बंद करावा. तेलाच्या शाईला हा त्रास नाही, काळाही दाट येतो. पावसाळ्यात मात्र तिची प्रिंट वाळायला आठवडा घेते. एकावर एक ठेवू नका, दोरीवर चिमट्याने टांगा.

प्रेस नसली तरी अडत नाही. पातळ, गुळगुळीत हातकागद ठशावर ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे, लहान गोलांत तीन-चार मिनिटं घासा. दीडशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) वरच्या कागदावर चमच्याने काळा भरत नाही. एक कोपरा धरून दुसरा उचलून पाहा. फिकं दिसलं तर कागद न हलवता परत टेकवून तेवढीच जागा घासा. पहिल्या दोन प्रिंट फिक्याच येतात, कारण नवा लिनो शाई पितो.

काम झाल्यावर तेलाची शाई खाण्याच्या तेलात भिजवलेल्या चिंधीने पुसा, मग साबणाचा ओला हात फिरवा. ठसा पाण्यात बुडवायचा नाही: मागचं तागाचं कापड फुगतं, लिनो वाकतो, आणि पुढच्या वेळी मधोमध शाईच लागत नाही.