वर्गणी पुन्हा भरावी का? एका जिल्हा दैनिकाचा वर्षभराचा अनुभव

गेल्या आठवड्यात वर्गणीवाला मुलगा पावतीपुस्तक घेऊन दुकानात आला. यंदाची योजना १,५९९ रुपयांची: वर्षभर अंक आणि वर तीन नगांचा हॉटपॉट सेट. मागच्या योजनेतला डिनर सेट अजून यायचाय, असं मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, "काकू, ती स्कीम जुन्या एजन्सीकडं होती. आता आमची नवीन आहे." पेपर तोच, पावतीवरचं नाव तेच, डिनर सेट मात्र एजन्सीबरोबर गेला. तेव्हा हे थोडं चिडून लिहिलंय, हे आधीच सांगते. पण गुण डिनर सेटवरून देणार नाही. पेपर तटस्थ किती आणि आपल्या माणसांना वागवतो कसा, एवढंच बघणार आहे. छपाई, राशिभविष्य आणि शब्दकोडं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पेपरचं नाव देत नाही. मोठा आहे, आवृत्त्या बऱ्याच आहेत, आमच्या तालुक्याला एक पान येतं आणि नावाखाली निर्भीडपणाची ओळ आहे. तुमच्याकडेही असाच एखादा येत असेल.

माझं तहसील कचेरीसमोर डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे मी या पेपरची नुसती गिऱ्हाईक नाही, त्याला लागणारा मालही माझ्याच दुकानातून जातो. तालुक्यातल्या निम्म्या प्रेसनोट माझ्याकडे टाईप होतात. कार्यकर्ता हाताने खरडलेला कागद घेऊन येतो, मी तो युनिकोडमध्ये टाकते, तो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मीच तो बातमी म्हणून वाचते.

लोकसभेचा निकाल लागला तेव्हा, जून २०२४ मध्ये, वर्गणी भरली. पहिले काही महिने माझं मत असं झालं की पेपर सत्तेकडे झुकलेला आहे. जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला दुकानासमोर बायकांची रांग रस्त्यापर्यंत जायची. पहिल्या पानावर पानभर सरकारी जाहिरात आणि आत लाभार्थी भगिनींचे हसरे फोटो. सर्व्हर बंद पडतोय, पोर्टल रात्री दोनला चालतं, आधारला बँक खातं जोडलेलं नाही म्हणून बायका परत जातायत, हे आतल्या पानावर तळाला चार ओळींत. तेव्हा विचारलं असतं तर तटस्थतेला पाचपैकी दीड दिला असता. संपादकीय पान तेवढं बरं होतं. एक लेख इकडचा, एक तिकडचा, आणि वाचकांच्या पत्रांत दोन्हीकडच्या शिव्या.

मग विधानसभा आली आणि मत बदललं. सुधारलं असं नाही म्हणणार, पण बदललं.

आमच्याकडे तिरंगी लढत होती. तिन्ही उमेदवारांच्या प्रेसनोट माझ्याच मशीनवर. एकाच दिवशी, एकाच पानावर, एकाचा विजय निश्चित, दुसऱ्याला वाढता पाठिंबा आणि तिसऱ्याच्या पदयात्रेला उसळलेला जनसागर. यातल्या एका कार्यकर्त्याने कागदावर कंसात सूचना लिहिली होती, ‘वरील ओळ ठळक घ्यावी’. मी विचारलं, ही ओळ काढू का? म्हणाला, राहू दे ताई, पेपरवाल्यांसाठी आहे ती. दुसऱ्या दिवशी तालुका पानावर बातमी छापून आली. वरची ओळ साध्या टाईपात आणि ‘वरील ओळ ठळक घ्यावी’ हे मात्र ठळक. कात्रण अजून काउंटरच्या काचेखाली आहे. म्हणजे ती बातमी माझ्या दुकानातून निघाल्यापासून छापून होईपर्यंत कुणीही वाचलेली नव्हती. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात मुद्रितशोधकालाही (प्रूफ तपासणाऱ्यालाही) पत्रकार धरलं होतं. आमच्या आवृत्तीत ते पद कधीच बंद झालं.

तर पेपर कुठल्या पक्षाचा नाही, हे नक्की. दरपत्रक आहे, त्याप्रमाणे सगळ्यांना सारखी जागा मिळते. याला तटस्थता म्हणायचं असेल तर पाचपैकी पाच!

आता माझा खरा राग. या मजकुराच्या शेवटी कंसात ‘वा. प्र.’ लिहितात. वाणिज्य प्रतिनिधी, म्हणजे मजकूर पैसे घेऊन छापलाय. रोज टाईपच हाताळते, त्यामुळे सांगू शकते: बातमी साधारण ९ पॉइंटात असते आणि हे ‘वा. प्र.’ ५ पॉइंटात, जेमतेम. सासूबाई पोथी वाचायला वापरतात ते भिंग मी दुकानात आणून ठेवलं आणि महिनाभर पान तपासलं. कधी ‘वा. प्र.’ असतं, कधी नुसतंच ‘प्रतिनिधी’, कधी काहीच नाही. चौकट बातमीसारखी, फॉन्ट बातमीचाच, मथळा बातमीचाच. लोकांना मी हे भिंगातून दाखवत बसते म्हणून मालक (आमचे हे) वैतागलेत. पण मला सांगा, सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात करताना ‘जाहिरात’ हा शब्द ठसठशीत छापता येतो, तर पुढाऱ्याच्या वेळीच तो एवढा का आक्रसतो?

हे नवीन नाही म्हणा. २००९ च्या विधानसभेला तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरची ‘अशोकपर्व’ पानं गाजली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं की तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत जवळपास जसाच्या तसा आला होता. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्रातल्या जाहिराती ५,३७९ रुपयांच्या दाखवल्या होत्या. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. मजकूर पैसे देऊन छापलेला ठरला तर त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरतात, आणि विधानसभेला ती मर्यादा ४० लाख आहे. म्हणून ‘वा. प्र.’ जितकं बारीक, तितका हिशेब सोपा. समितीकडे भिंग असतं का, ठाऊक नाही.

या सगळ्याचं खापर मी आधी तालुका प्रतिनिधीवर फोडत होते. तो आमच्या दुकानात रोज येतो, बातम्या स्कॅन करून पाठवायला. पंचेचाळिशीचा असेल, स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. एकदा वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या जाहिरातींची यादी टाईप करायला बसला, तेव्हा अर्धा दिवस त्या यादीबरोबर गेला आणि सगळी रचना कळली.

त्याला महिन्याला दीड हजार मानधन, तेही तिमाहीला एकदम, कधी चौथ्या महिन्यात. पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, कॅमेरा त्याचाच. खरी कमाई जाहिरातीच्या १५ टक्के कमिशनची. वर्धापनदिन, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस, प्रत्येकाला टार्गेट. इथपर्यंत मला अंदाज होता. पुढचं नव्हतं. जाहिरात छापून आली आणि देणाऱ्याने पैसे बुडवले, तर ती रक्कम याच्या खात्यावर थकबाकी म्हणून चढते. त्या दिवशी त्याच्या नावावर ८७ हजार थकबाकी होती. यादीत कोण होतं? दोन माजी नगराध्यक्ष, एक साखर कारखान्याचा संचालक, एक रस्ते ठेकेदार.

मी म्हटलं, "भाऊ, या ठेकेदाराने आमच्या समोरची गटार खोदून तशीच सोडलीय. मी पत्र दिलं होतं तुमच्याकडं, छापलं नाहीत."

तो म्हणाला, "ताई, त्याच्याकडनं माझे बावीस हजार यायचेत. बातमी लावली तर तो देईल का?"

मी गप्प बसले. त्याचं उत्तर पटलं, हाच त्रास झाला. पेपर कुणाच्या बाजूचा हे अग्रलेखात शोधण्यात काही अर्थ नाही. अग्रलेख लिहिणाऱ्याला पगार आहे. आमच्या गटारीची बातमी ज्याच्या हातात आहे, तो पुढाऱ्याचा येणेकरी आहे आणि पेपरचा देणेकरी. या दोघांच्या मध्ये अडकलेल्या माणसाकडून निर्भीडपणाची अपेक्षा फुकटात कशी करायची?

कायदा काय म्हणतो? पत्रकारांसाठी न्या. मजिठिया वेतन मंडळ नेमलं गेलं, त्याच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या. पेपरांचे मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०१४ ला न्यायालयाने शिफारशी कायम ठेवल्या आणि मागची बाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्या म्हणून सांगितलं. मग ठिकठिकाणी कर्मचाऱ्यांकडून ‘आम्हाला आहे तोच पगार मान्य आहे’ असं लिहून घेण्यात आलं, शिफारशींमधल्याच २०(जे) कलमाच्या आधाराने. १९ जून २०१७ ला न्यायालयाने तेही मोडीत काढलं: मंडळाने ठरवल्यापेक्षा कमी पगार अशा कागदाने देता येणार नाही, आणि कंत्राटी माणसांनाही हा लाभ आहे. पण आधीचा आदेश न पाळल्याबद्दल अवमानाची शिक्षा कुणाला झाली नाही. ज्याला पैसे हवेत त्याने १९५५ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ खाली कामगार खात्याकडे जावं, असं सांगितलं. म्हणजे नोकरी पणाला लावून अर्ज करायचा.

आणि आमचा स्टुडिओवाला या सगळ्याच्या बाहेरच. पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेलाच श्रमिक पत्रकार, अशी कायद्याची व्याख्या. दीड हजारात कुणाचा मुख्य व्यवसाय होतो? मानधन कमी ठेवलं की माणूस स्टुडिओ चालवणार, आणि स्टुडिओ चालवतो म्हणून तो पत्रकार नाही. पेपरच्या हिशेब शाखेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

६ जानेवारीला पत्रकार दिन होतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं त्याची आठवण म्हणून. आमच्याकडे तो आमदारांच्या हस्ते साजरा होतो. शाल, श्रीफळ, डायरी. प्रेसनोट माझ्याकडेच टाईप होते. ज्यांनी पैसे थकवलेत त्यांच्यातल्याच एकाच्या हातून शाल घेतानाचा फोटो आमच्या स्टुडिओवाल्याने स्वतःच काढायला लावला आणि स्वतःच पाठवला.

एवढं असूनही मध्ये एकदा या पेपरने मला चकित केलं. पावसाळ्यात सरकारी दवाखान्यात साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन संपलं होतं, रुग्णांना जिल्ह्याला पाठवत होते. याच माणसाने नोंदवहीचे फोटो मिळवले, तीन गावं फिरला, आणि बातमी पहिल्या पानावर, नावासकट, चार कॉलम. आठवड्याच्या आत साठा आला. जिल्हा कार्यालयातल्या उपसंपादकाने रात्री अकरा वाजता त्याला फोन करून तीनदा आकडे पडताळले होते, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे वाचणारं कुणीतरी आहे तिथे. यंत्रणा जिवंत आहे, पण दवाखाना जाहिरात देत नाही म्हणून ती चालली, असा माझा वाईट संशय. तरी त्या एका बातमीसाठी अर्धा तारा वाढवते.

राहिले अण्णा, आमचे पेपरवाले. पहाटे चारला स्टँडवर गठ्ठे उतरतात. पुरवण्या आणि कपड्याच्या दुकानांची पत्रकं अंकात घालायची, पावसात पिशव्या चढवायच्या, साडेसहापर्यंत वाटप. लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला सरकारने घरोघर पेपर टाकायला बंदी घातली, तेव्हा त्यांनी भाजी विकली. मोबदला किंवा चौकशी, दोन्ही शून्य. वार्षिक योजनेचे पैसे परस्पर कंपनीकडे जातात आणि अण्णांना वाटणावळ मागून, तीही तुटपुंजी. भेटवस्तू आली नाही की शिव्या मात्र अण्णांना. दर १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, विक्रेत्यांचा गुलाबपुष्प देऊन सत्कार झाल्याचा फोटो छापून येतो. अण्णांचाही आलाय. नाव चुकलं होतं.

तर गुण. तटस्थतेला दोन: राज्याच्या पानांना तीन, तालुक्याच्या पानाला एक, त्याची सरासरी. माणसांना वागवण्याला अर्धा, आणि तो अर्धा रात्री अकराला फोन करणाऱ्या उपसंपादकाचा. ‘वा. प्र.’च्या टाईपाला शून्य.

वर्गणी भरली नाही. पेपर बंदही केला नाही, कारण तालुक्यात दुसरा घेतला तरी त्याचा प्रतिनिधी याच स्टुडिओवाल्याचा मेहुणा आहे. अण्णांना सांगितलंय, रोजचा अंक छापील किमतीला टाका, महिन्याचं बिल मी रोख देईन, तुमचं कमिशन पूर्ण तुमच्याकडे राहील. वर्षाकाठी मला साधारण चारशे रुपये जास्त पडतील. रद्दीतून थोडे निघतील. स्टुडिओवाल्याकडून दुकानाची छोटी जाहिरातही घेतली, दिवाळी पुरवणीत, पैसे आगाऊ देऊन. अट एकच घातली: खाली ‘जाहिरात’ असं १२ पॉइंटात छापायचं. त्याने वर विचारलं. तसा नियम नाही, असं उत्तर आलंय.