सावकाश सुटणाऱ्या गोळीसाठी सिंटरिंग: ओव्हन, ॲसिटोनची वाफ की एक्स्ट्रूजन?

मेटफॉर्मिनसारखे पाण्यात सहज विरघळणारे औषध आठ-बारा तास पुरवून सोडायचे असेल, तर न विरघळणारा पॉलिमर मिसळून गोळी नुसती दाबणे बहुधा पुरत नाही. कणांमधल्या पोकळ्यांतून पाणी आत शिरते आणि औषध लवकर बाहेर पडते. पॉलिमर वाढवावा, तर ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळणे अवघड होते. अशा वेळी दाबून झालेल्या गोळीतले पॉलिमरचे कण एकमेकांना सांधणे, म्हणजे सिंटरिंग, हा मार्ग विचारात घ्यावा.

त्यासाठी साधा हॉट एअर ओव्हन चालतो. युड्रॅजिट आरएस या पाण्यात न विरघळणाऱ्या पॉलिमरचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो मऊ होऊ लागतो ते तापमान, ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने ६० ते ८० अंशांवर काही तास ठेवल्यास कणांच्या कडा मऊ होऊन जुळतात, गोळी टणक होते, तिचे झिजणे कमी होते आणि औषध सुटण्याचा वेग मंदावतो. मात्र ट्रेच्या कडेच्या आणि मधल्या गोळ्यांना सारखीच उष्णता मिळाली असे गृहीत धरू नये; दोन्हीकडचे नमुने वेगवेगळे तपासावेत. प्रयोगशाळेत उत्तम वाटणारी ही पद्धत मोठ्या बॅचमध्ये अडते ती बहुतेक इथेच.

औषध उष्णतेने बिघडणारे असेल, किंवा ज्याचे काचसंक्रमण १३० अंशांच्या घरात आहे असे इथाइल सेल्युलोज वापरायचे असेल, तर डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या बंद भांड्यात, ॲसिटोनच्या वाफेने सांधणे बरे. त्याची किंमत म्हणजे नंतरची वाळवणी, कारण गोळीत उरलेला ॲसिटोन सर्वसाधारणपणे ०.५ टक्क्याच्या आत असावा लागतो.

हॉट मेल्ट एक्स्ट्रूजनमध्ये मिश्रण स्क्रूच्या नळीतूनच तापून, एकजीव होऊन बाहेर येते. सलग उत्पादन आणि एकसारखेपणा यांत तो सरस आहे. पण यंत्र महाग आहे, आणि आधीच जमलेल्या गोळीत थोडीच सुधारणा हवी असेल तर तो खर्च मला पटत नाही. लेझर सिंटरिंग, म्हणजे पावडरचे थर लेझरने सांधून गोळी घडवणे, तूर्त रुग्णागणिक मात्रा बदलण्याच्या छोट्या कामांपुरतेच धरावे. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली स्प्रिटॅम ही त्रिमितीय छपाईची गोळी त्याचे उदाहरण म्हणून दिली जाते खरी, परंतु तिच्यात पावडरचे थर द्रवाने बांधलेले असतात, लेझरने नव्हे.

मार्ग कोणताही निवडला, तरी युड्रॅजिट आरएस आणि इथाइल सेल्युलोज मद्यार्कात विरघळतात हे ध्यानात ठेवावे. हेच पॉलिमर असलेले, एक्स्ट्रूजनने बनवलेले पॅलाडोन हे हायड्रोमॉर्फोन या तीव्र अफूवर्गीय वेदनाशामकाचे औषध मद्यासोबत घेतल्यास धोकादायक प्रमाणात एकदम सुटते असे दिसल्याने २००५ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. म्हणून ५, २० आणि ४० टक्के इथेनॉलमध्ये औषध किती वेगाने सुटते याची चाचणी सूत्र पक्के करण्यापूर्वीच उरकावी.