१९:१९:१९ लॉनला नऊ महिने वापरल्यावर

१९:१९:१९ म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेलं, पाण्यात विरघळणारं खत. खारघर, सोसायटीचा पोडियम (पार्किंगवरची गच्ची), हजार चौरस फूट लॉन, गवत सिलेक्शन वन जातीचं. फेब्रुवारी ते ऑक्टोबर वापर.

पहिली तक्रार पिशवीची. किलोच्या पाकिटाला झिप नाही! जूनमध्ये कात्री लावली की आपल्या दमट हवेत आठवडाभरात आत दगड. असा खडा गवतावर पडला तर तळहाताएवढा डाग करपतो, मधे तपकिरी आणि कडेला गर्द हिरवं वलय. खडे झालेलं खत फेकू मात्र नका. ओल लागली म्हणून त्यातली अन्नद्रव्यं जात नाहीत. रात्री बादलीत भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

१० लिटरच्या झारीत ५० ग्रॅम, एक झारी ५० चौरस फुटांना. हजार फुटांना वीस झाऱ्या, म्हणजे अख्खा किलो, त्यात नत्र १९० ग्रॅम. वर लगेच साधं पाणी फिरवा, नाहीतर पात्यांची टोकं जळतात. कापणी दोन दिवस आधीच उरकून घ्या.

पाकिटावर 'दर १५ दिवसांनी' छापलंय. ठाणे-नवी मुंबईत हे साफ चुकीचं आहे. फेब्रुवारी अखेरीस रात्री उबदार झाल्या की पहिला हप्ता. मे महिन्यात पाण्याची ओढ असेल तर थांबा. दुसरा जूनच्या मध्यावर, पाऊस स्थिरावला की. जुलै-ऑगस्टमध्ये काहीच नको, सगळं धुऊन गटारात जातं. तेव्हाचा पिवळेपणा बहुतेकदा तुंबलेल्या पाण्याचा असतो. आधी पोडियमच्या ड्रेनच्या जाळ्या साफ करा. पाऊस परतला की ऑक्टोबरचा हप्ता, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा, कारण पावसाने जमीन उपाशी ठेवलेली असते. ऑक्टोबर हीटमुळे तो संध्याकाळीच द्या. डिसेंबर-जानेवारीत गवत मंदावतं, तेव्हा खत देऊ नका.

सुरुवातीला या खताला पाच तारे दिले असते, आता तीन. लॉनला दर वेळी इतकं स्फुरद लागत नाही. ते मातीत साठलं की गवताला लोह घेता येत नाही, मग खत देऊनही पानं पिवळी पडतात. म्हणून १९:१९:१९ फक्त जून आणि ऑक्टोबरला. फेब्रुवारीत, आणि पाणी मुबलक असेल तर एप्रिलमध्ये, हजार फुटांना ९०० ग्रॅम अमोनियम सल्फेट. नत्र जवळपास तेवढंच, खर्च बराच कमी. ते कोरड्या गवतावर अर्धं उभं, अर्धं आडवं फेका, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. नंतर भरपूर पाणी द्या.

झिपवालं पाकीट आलं तर चौथा तारा देईन.