साडेसात लाख, एक सत्र आणि एक किल्ली

माझ्या मुलीने नववीचं अर्धं वर्ष जर्मनीत, म्युन्स्टरला काढलं. (म्युनिक नव्हे. हे नातेवाइकांना सांगून माझं तोंड दुखलं.) ऑगस्ट २०२४ मध्ये गेली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत आली. मुलांना परदेशी शाळेत पाठवणाऱ्या संस्थेची फी, विमान, व्हिसा, कपडे सगळं धरून साडेसात लाखांच्या आसपास गेले. हे ज्यांना जड जाणार नाही त्यांच्यासाठीच पुढचं लिहितेय. आम्हाला जड गेलं.

आधी चांगलं. व्हिसाचं काम संस्थेने चोख केलं. मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त, त्यामुळे युरोपचा कमी दिवसांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. आईवडील दोघांच्या संमतीपासून शाळेच्या पत्रापर्यंत प्रत्येक कागद त्यांनी आधी तपासून घेतला. मुंबईला एकच खेप झाली.

यजमान कुटुंबाबद्दल किती लिहू! आमच्या योजनेत त्यांना एक पैसाही मिळत नाही, हौसेने ठेवून घेतात. फॉर्मवर आम्ही दोनदा ‘शाकाहारी’ लिहिलं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पहिल्या रात्री भाज्यांचं सूप आलं, चिकनच्या पाण्यातलं. त्या बाई इतक्या ओशाळल्या की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक डब्यामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचायला लागल्या. रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडी. गरम काही नाही. महिन्याभराने लेकीने गोडा मसाला काढून आमटी केली, तर फोडणी बसते न बसते तोच काकांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. पोरगी रडवेली. मग कळलं, ते रोज दोन-तीनदा असंच करतात, कडाक्याच्या थंडीतसुद्धा, पाच मिनिटं हवा बदलायला. आमटीची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली होती.

शाळा चार किलोमीटर आणि जायचं सायकलने. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, पण माझ्या लेकीची सायकल सोसायटीच्या गेटबाहेर कधी गेली नव्हती. म्युन्स्टरमध्ये जुन्या तटबंदीच्या जागी साडेचार किलोमीटरचा झाडांखालचा गोल रस्ता आहे, त्यावर ती सरावली. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. एकदा दिवा लागत नव्हता म्हणून पोलिसांनी थांबवलं, समज देऊन सोडलं. लक्ष्मी रोडवरून घेतलेलं जाड जॅकेट मात्र फुकट गेलं. तिथे थंडीपेक्षा पाऊस त्रास देतो. गावातच म्हणतात, एकतर पाऊस पडतो नाहीतर घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं तर रविवार समजावा.

शाळेत गुण १ ते ६, त्यात १ सर्वांत चांगला. गणिताच्या लेखी परीक्षांना हिला १ मिळाला आणि प्रगतिपुस्तकात २. कारण वर्गातला तोंडी सहभागही मोजतात, तोही चांगला भरभक्कम. बाई म्हणाल्या, तू हात वर करत नाहीस, मग तुला काय येतं ते मला कळणार कसं? आपल्याकडे पालकसभेत ‘शांत आहे हो तुमची मुलगी’ हे कौतुक असतं. या एका २ साठी मी निम्मे पैसे वसूल धरले. भाषेचं म्हणाल तर जर्मनची ए-टू ही दुसरी पातळी करून गेली होती, तरी पहिले दोन महिने इतिहासाच्या तासाला नुसती बसून होती. त्यापुढची बी-वन करूनच पाठवा.

आता संस्थेचं वाईट. नोव्हेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी लेकीकडून इमारतीची किल्ली हरवली. जर्मनीत एकाच किल्लीने खालचं दार आणि घराचं दार दोन्ही उघडत असेल तर ती हरवल्यावर सगळ्या बिऱ्हाडांची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते. ते बिल हजारांत जातं, तेही युरोंच्या. दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा तिथे घरोघरी असतो. आमच्या पॅकेजमध्ये फक्त आजारपणाचा होता आणि हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘चोवीस तास मदत’ असं छापलेल्या नंबरवर शनिवारी अकरा वेळा फोन केला, रविवारी सहा वेळा. सोमवारी दुपारी एक गोड आवाज म्हणाला, ‘मॅडम, वीकेंड होता ना.’ किल्ली रविवारी रात्रीच सापडली होती, रेनकोटाच्या अस्तरात.

पाचपैकी साडेतीन. तीन त्या घराला आणि शाळेला, अर्धा व्हिसाच्या कामाला. धाकटा आता सातवीत आहे आणि त्यालाही जायचंय. पाठवू बहुतेक. पण या वेळी पैसे भरण्याआधी एका शनिवारी रात्री त्या चोवीस तासांच्या नंबरवर मी फोन लावून बघणार आहे.