झोटेरो: घाटंजीत बसून साहित्याचा आढावा लिहिताना

गेल्या खरिपापासून झोटेरो, म्हणजे लेख-पुस्तकं साठवून त्यांचे संदर्भ देणारं सॉफ्टवेअर, वापरते आहे. घाटंजी तालुक्यात राहून अर्थशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय आहे यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूस आणि शेतकऱ्याचं कर्ज. प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, याच सॉफ्टवेअरच्या जोरावर उभं राहिलं. आपल्याकडे गावात राहून संशोधन करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

झोटेरो फुकट आहे. एक बटण दाबलं की संदर्भसूची तयार, म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. ते खरंच आहे, पण माझ्या लेखी ती दुय्यम गोष्ट. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध असतात, ते उघडून बघा. अनेकांचं दुसरं प्रकरण म्हणजे अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, अशी नुसती रांग. कोणाचं कोणाशी पटतं आणि कुठे फाटतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. आढावा म्हणजे तेच तर शोधायचं असतं, आणि तिथे झोटेरोचे टॅग, म्हणजे लेखाला चिकटवायचे विषयाचे शब्द, कामाला येतात.

मी प्रत्येक लेखाला मराठीत टॅग देते: सावकार, बँक कर्ज, बियाणं, सिंचन, हमीभाव. वाचताना आकडेवारीला पिवळा रंग, दुसऱ्या अभ्यासकाशी मतभेद असेल तिथे लाल. मग ‘सिंचन’वर टिचकी मारली की त्यावर बोलणारे सगळे एका जागी येतात. बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली. त्यानंतरचे लेख असे शेजारी मांडले, तेव्हा ओलिताच्या शेतातलं उत्पादन आणि आपल्याकडच्या कोरडवाहू शेतातलं उत्पादन एकाच वादात कसं मिसळलं गेलंय ते स्पष्ट दिसलं. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, म्हणून कर्जावरच्या लेखांना ‘2006 पूर्वी’ आणि ‘2006 नंतर’ असेही टॅग दिले. दोन काळांतले कर्जाचे आकडे सरसकट एकत्र मोजायचे नसतात. यवतमाळमधल्या 2017 च्या कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेवरचं लिखाण तर वैद्यकीय नियतकालिकांत सापडतं. ‘फवारणी’ हा टॅग असल्यामुळे तेही कापसाच्या खर्चावरच्या लेखांशेजारी येऊन बसलं.

दुसरी मोठी सोय म्हणजे सगळा साठा आपल्याच लॅपटॉपवर राहतो. पावसाळ्यात लाईन गेली की आमच्याकडे टॉवरही जातो. तालुक्याला किंवा यवतमाळला गेले की पीडीएफ उतरवून घेते, आणि घरी बॅटरी असेपर्यंत वाचन, टिपणं, वर्डमध्ये संदर्भ टाकणं सगळं इंटरनेटशिवाय चालतं.

आता मराठी साहित्याचं. इथे मेहनत आहे, आणि ती टळत नाही. जुन्या मराठी पुस्तकांची, शासकीय अहवालांची नोंद हातानेच करावी लागते. संस्थेचं नाव टाकताना लेखकाचा रकाना एकेरी करून घ्या, त्याच्या शेजारीच छोटं चिन्ह आहे. नाहीतर सूचीत ‘शासन, महाराष्ट्र’ असं छापून येतं. शोधगंगावर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात. त्यांची एकच नोंद करून सगळे तुकडे तिच्याखाली जोडावेत. स्कॅन केलेल्या पानावर ओळ रंगवता येत नाही, तिथे चौकट आखायचं साधन वापरा. चौकटीतला मजकूर चित्र म्हणून टिपणात येतो, पान क्रमांकासकट. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलींचा त्रास सगळ्यात जास्त. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण कॉपी केलं की भलतीच अक्षरं, आणि शोधात काहीच सापडत नाही. अशा प्रत्येक फाईलला मी चार ओळींचा सारांश युनिकोडमध्ये टाईप करून टिपण म्हणून जोडते, म्हणजे निदान तो सारांश तरी शोधात येतो.

झोटेरोच्या सर्व्हरवर फुकटात साठवणूक 300 एमबीच मिळते. स्कॅन केलेले दोन-चार जाडजूड अहवालच ती संपवतात. मी सेटिंगमध्ये जाऊन फाईलींचं सिंक (सर्व्हरवर आपोआप चढणं) बंद ठेवलंय, फक्त नोंदी आणि टिपणं वर जातात. बॅकअपसाठी झोटेरो बंद करायचं आणि त्याचं अख्खं फोल्डर पेनड्राईव्हवर घ्यायचं. आणखी एक लक्षात असू द्या: रंगवलेल्या ओळी मूळ पीडीएफमध्ये उतरत नाहीत, त्या झोटेरोच्या साठ्यात राहतात. मार्गदर्शकांना दाखवायच्या असतील तर टिपणांसकट पीडीएफ एक्स्पोर्ट करून पाठवावी लागते.

प्रबंध मराठीत असेल तर एपीए या संदर्भ मांडायच्या शैलीतल्या सूचीवर शेवटी हात फिरवावाच लागतो. दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी अँडचं चिन्ह (&) येतं, तिथे ‘आणि’ करावं लागतं. हे काम अगदी शेवटी, वर्डच्या वेगळ्या प्रतीत करा. मूळ प्रतीत केलं तर सूची पुन्हा अद्ययावत झाली की सगळी दुरुस्ती पुसली जाते.

माझ्या बरोबरीच्या दोघी नुकत्याच नोंदणी करून कामाला लागल्यात. त्यांना मी पहिल्या लेखापासूनच टॅग लावायला सांगितलंय. शंभर लेख साठल्यावर मागे जाऊन टॅग लावणं म्हणजे सगळं पुन्हा वाचणं.