सागवानी पेम्ब्रोक टेबल, हातानं केलेलं: पावसाळा नि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

टेबल पूर्ण झाल्या झाल्या लिहिण्यात अर्थ नव्हता, नवीन असताना सगळंच छान दिसतं. आता बेळगावचा आख्खा पावसाळा, मागून थंडीतला कोरडा वारा आणि वर एक उन्हाळा काढलाय त्यानं, रोजचं जेवण, पोरांचा अभ्यास सगळं त्यावरच चालतं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पेम्ब्रोक म्हणजे १८ व्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात चाललेला प्रकार. मधे अरुंद फळी, दोन्ही बाजूंना खाली पडणारी पानं, टोकाला ड्रॉवर. पान उचललं की चौकटीतलाच एक लाकडी हात बाहेर वळवायचा आणि त्यावर पान टेकवायचं. त्या हाताची बिजागरीपण लाकडाचीच, बोटांत बोटं अडकवावीत तशी कोरलेली नि मधून सळी घातलेली. आमच्या टिळकवाडीतल्या घरात जागा कमी, एरवी पानं पाडून भिंतीला लावतो, पाहुणे आले की उघडतो. सहा माणसं आरामात बसतात की ओ.

तिकडं ही टेबलं बहुतेक महोगनीची. १७२१ च्या कायद्यानं अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठली नि महोगनी भरपूर यायला लागलं, रुंद फळ्या मिळायच्या. सागवानाची तेवढी रुंद फळी घ्यायची म्हटलं तर परवडत नाही, म्हणून वखारीतून अरुंद फळ्या आणून दोन-दोन जोडल्या. जोड आजपर्यंत कुठं उकललेला नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वरून दिसतच नाही. मधली फळी चौकटीला स्क्रूनं आवळलेली नाही, खालून छोटी लाकडी बटणं आहेत, ती फळीला पक्की आणि त्यांची जीभ चौकटीच्या खाचेत नुसती अडकलेली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र ओल धरली की फुगतं नि सुकलं की आकसतं. जुलैत खाली वाकून टॉर्च मारून बघितलं तर जीभ खाचेत आत सरकलेली, मार्चमध्ये परत बाहेर आलेली. फळी हलली पण कुठं चीर नाही! पक्की आवळली असती तर आपल्या हवेत ती कधीतरी फाटलीच असती. एवढ्या एका गोष्टीसाठी जुनी पद्धत मी शंभर टक्के मानतो.

अडचणीपण सांगतो. ऐन पावसात डाव्या पानाला किंचित बाक आला, त्या फळ्यांत वाढीची वर्तुळं आडवी आलीत त्यामुळं, उजवं पान सरळच राहिलं. दिवाळीनंतर बाक बराचसा गेला. ड्रॉवर ऑगस्टमध्ये घट्ट होतो, कडांना मेणबत्ती घासली की चालतो.

फिनिश तेल नि मेणाचं ठेवलंय. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचं, ते इंग्लंडात आलं १९ व्या शतकात, म्हणजे ह्या टेबलांच्या नंतर, शिवाय लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटतो, जेवणाच्या टेबलाला ते नकोच. जवसाच्या तेलावर पाण्याचे डाग पुसून जातात, हळदीचा डाग मात्र बसतो, तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून परत तेलाचा हात द्यायचा, झालं. आख्खं टेबल खरवडायची गरज पडत नाही.

कुणी करणार असाल तर फळ्या आधी घरातच मधे पट्ट्या देऊन दोन-तीन महिने रचून ठेवा, मगच रंधा लावा. आणि पानं मधल्या फळीला जोडणाऱ्या धातूच्या बिजागऱ्या आधी मिळवा. ह्याला एक पंख लांब, एक आखूड अशी लागते, लांब पंख पानाकडं जातो. बाजारात मिळेना म्हणून मी उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून पितळेच्या करून घेतल्या. ती हातात आल्याशिवाय मधल्या फळीच्या कडेची गोलाई, जिच्यावरून पान फिरतं ती, कापायला घेऊ नका, कारण गोलाईचं केंद्र नि बिजागरीच्या सळीचं केंद्र एकच यावं लागतं, केसभर जरी इकडं तिकडं झालं तरी पान पाडताना कड घासते.