वकीलबाई: फी आधीच ठरलेली, अर्ज दोन पानी, फोन मात्र उचलत नाहीत

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या भेटीच्या वेळा बदलून घ्यायला ज्या वकीलबाईंकडे गेले, त्यांच्याबद्दल लिहितेय. नाव देत नाही. वकिलांना जाहिरातीची मनाई असते आणि बाई त्याबाबतीत फारच कडक आहेत. कोणी विचारलंच तर खासगीत सांगेन. पाचपैकी चार तारे.

आमचा संमतीने घटस्फोट झाला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये, ताबा माझ्याकडे आणि दर रविवारी 10 ते 6 बाबांकडे, असं ठरलं. मग त्याच्या बाबांची नाशिकला बदली झाली. माणूस भल्या पहाटेची एसटी पकडून यायचा, पोराला घेऊन मॉलच्या फूडकोर्टात बसायचा आणि सहाला सोडून परत पाच तासांचा रस्ता. पोरगा आता पाचवीत. त्याच्या फुटबॉलच्या मॅचेस नेमक्या रविवारी सकाळी. दोघांचेही चेहरे बघवत नव्हते.

आधी एका वकिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सह्या तुम्हीच केल्यात ना? मग आता काही होत नाही." बाईंना हे सांगितलं तर त्यांनी नुसतं कपाळावर हात मारला. मुलाच्या ताब्याचा किंवा भेटीचा आदेश कधीच कायमचा नसतो, संमतीने झालेला असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने हे 1973 मध्येच सांगून ठेवलंय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करता येतो. आदेशानंतर काय बदललं आणि मुलाचं भलं कशात आहे, एवढं दाखवावं लागतं.

मी माझी बाजू सविस्तर लिहून नेली होती. बाईंनी पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोरच एकेक परिच्छेद आडवा केला. उशिरा येणारी पोटगी गेली. सासूबाईंचे टोमणे गेले. "तो बर्थडेला आलाच नाही" तेही गेलं. मला राग आला, बोललेही. त्या म्हणाल्या, "पोटगीचं वेगळं बघू. इथे शाळेचं वेळापत्रक आणा." पहिलंच वाक्य त्यांनी असं घातलं की अर्जदार वडिलांचा वेळ कमी करून मागत नाही, बदलून मागते आहे. खाली मागणी: महिन्यातले दोन शनिवार-रविवार नाशिकला मुक्काम, बुधवारी रात्री व्हिडिओ कॉल. सोबत शाळेचं वार्षिक कॅलेंडर आणि मॅचेसचा तक्ता. संपलं.

शब्दांच्या बाबतीत बाई भलत्याच चिकट. जुन्या आदेशात "दिवाळीची अर्धी सुट्टी" असं मोघम होतं आणि दरवर्षी त्यावरून जुंपायची, कारण कुठली अर्धी ते कुठेच नव्हतं. आता सरळ लिहिलंय की गौरी-गणपती नाशिकला, कारण गणपती त्यांच्या घरी बसतो. लक्ष्मीपूजन आलटून पालटून. भाऊबीज कायम माझ्याकडे, माझ्या भावाच्या मुली ओवाळायला येतात म्हणून. पोराला सोपवायची जागासुद्धा घातलीय: आळेफाटा, एसटी स्टँड. म्हणजे दोघांनाही साधारण निम्माच रस्ता.

हे बरंचसं न्यायालयाच्या समुपदेशक मॅडमच्या टेबलावर ठरलं. तिथे वकील आत नव्हते. कौटुंबिक न्यायालयात तसाही वकील हा हक्क नसतो, परवानगी घ्यावी लागते. बाईंनी मला आधी बजावलं होतं की तिथे मागच्या गोष्टी उकरायच्या नाहीत, तारखा घेऊन बसायचं. गणपतीचं मी आपणहून म्हटल्यावर समोरचा माणूसही सैल झाला. न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. काय विचारलं ते मी त्याला विचारलं नाही, बाईंची तशी सक्त ताकीद होती. घरी येऊन तो म्हणाला, सरांना ऑफसाइड माहीत आहे.

आता कापलेला तारा. एका तारखेला बाईंनी ज्युनिअरला पाठवलं. त्या मुलाने फाइल उघडलेलीसुद्धा नव्हती. आमचा पुकारा झाला तसा उभा राहून त्याने तारीख मागून घेतली. माझी रजा गेली, मुलाच्या बाबांची नाशिकहून खेप वाया गेली, आणि मधल्या काळात रविवारचा फूडकोर्ट चालूच. बाईंना फोन लावला तर उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका, उत्तर नाही. पुढची तारीख मीच ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधून काढली. नंतर त्यांनी "कामात होते" एवढंच सांगितलं. हे मला पटलेलं नाही.

फी 25 हजार, दोन हप्त्यांत, पावतीसकट. तारखेगणिक पैसे नाहीत. झेरॉक्स आणि नोटरीचा खर्च आपला. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. समोरच्याला धडा शिकवायचा असेल तर यांच्याकडे जाऊ नका, त्या पहिल्या भेटीतच वाटेला लावतात. जाताना जुन्या आदेशाची सर्टिफाइड नक्कल घेऊन जा. ती नसेल तर आधी नक्कल विभागात अर्ज करा, कारण साध्या झेरॉक्सवर बाई बोलायलाच बसत नाहीत.